ऑटोकॅडमध्ये साधा आयत नि षटकोन काढतोय तरी मापं चुकतायत, क्लासमध्ये बरोबर यायची

ट्रेनी_अंबड
नमस्कार मंडळी. मेकॅनिकल डिप्लोमा झालाय, सध्या नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका छोट्या फॅब्रिकेशनवाल्याकडे ट्रेनी आहे. ऑटोकॅड कॉलेज रोडच्या एका क्लासमध्ये शिकलो, तिथे घराचे प्लॅन, दरवाजे, सोफा सेट असलं सगळं काढलं होतं त्यामुळे वाटायचं की येतं आपल्याला. आता इथे शेठनी हाताने काढलेलं स्केच दिलं, दोन पार्ट आहेत. पहिला म्हणजे १२० बाय ८० ची प्लेट, चारही कोपऱ्यांना आर १० (म्हणजे १० रेडियसची गोलाई), मध्यभागी २४ चा हेक्स (षटकोन) आरपार कापायचाय, त्यात नट बसतो नि फिरू नये म्हणून. दुसरा पार्ट लिंकसारखा, एका टोकाला आर २०, दुसऱ्या टोकाला आर १२, सेंटर टू सेंटर ६०, आणि दोन्ही बाजूंनी सरळ रेषेने जोडलेला.

आता प्रॉब्लेम असा की रेक्टँगल कमांड देऊन पहिला पॉइंट ५०,५० दिला नि दुसरा १२०,८० टाकला तर आयत भलताच छोटा येतो, मोजला तर ७० बाय ३०. हेच क्लासच्या पीसीवर बरोबर यायचं, शप्पथ. दुसरं, पॉलिगॉन ६ साइड देऊन रेडियस १२ दिली, म्हणजे २४ झाले ना, पण नट घेऊन गेलो तर कापलेल्या पीसमध्ये नट जातच नाही. आणि लिंकच्या रेषा वर्तुळाच्या वरच्या टोकाला जोडल्या तर स्क्रीनवर मस्त दिसतंय पण लेझरवाल्याने फाइल परत पाठवली, म्हणे कंटूर ओपन आहे नि लाइनीवर लाइनी आहेत. शेठ काही बोलले नाहीत पण बघत होते. व्हर्जन जुनं आहे, कुठलं ते बघून सांगतो. कोणी समजावून सांगेल का, नुसतं "हे बटण दाब" नको, असं का होतं ते पण सांगा प्लीज.

व्हीएमसीवाला
आयताचं सोपंय भाऊ. क्लासच्या पीसीवर डायनॅमिक इनपुट चालू होतं, तुझ्या कंपनीच्या पीसीवर बंद आहे, बाकी काही नाही. एफ१२ दाबून बघ, कर्सरला मापाचे छोटे डबे चिकटून फिरायला लागले की चालू झालं समज.

का होतं ते सांगतो. डायनॅमिक इनपुट चालू असलं की दुसऱ्या पॉइंटला तू जे टाकतो ते पहिल्या पॉइंटपासूनचं अंतर धरलं जातं. बंद असलं की तेच १२०,८० म्हणजे शीटच्या शून्यापासूनचा पत्ता. मग ५०,५० पासून १२०,८० पर्यंत किती झाले, ७० नि ३०, बरोबर तेच आलंय तुझं, सॉफ्टवेअर खोटं बोलत नाहीये. आणि क्लासवाले सगळं ०,० पासून काढायला लावतात ना, तिथे दोन्ही पद्धतीने उत्तर सेमच येतं म्हणून पोरांना फरक कधी कळतच नाही.

माझं ऐकशील तर एफ१२ च्या भरवशावर राहूच नको, ॲट द रेट लावायची सवय लाव. @१२०,८० टाकलं की चालू असो नाहीतर बंद, पहिल्या पॉइंटपासून १२० आडवे नि ८० उभेच येणार. तिरकी रेष हवी असेल तर @६०<३०, म्हणजे ६० लांब नि ३० अंशात, अंश पूर्वेकडून घड्याळाच्या उलट मोजायचे. आणि डायनॅमिक चालू असताना मुद्दाम शून्यापासूनचाच पत्ता द्यायचा असेल तर आकड्याआधी # टाकायचं. कुठल्याही पीसीवर बसलास तरी हात अडत नाही मग.

आर १० साठी चार वेळा फिलेट (कोपरा गोल करायची कमांड) मारत बसू नको, एफ एंटर, आर, १०, मग पी म्हणजे पॉलिलाइन, आयतावर क्लिक, चारही कोपरे एकदम. रेक्टँगल कमांडमध्येच पण फिलेटचं ऑप्शन आहे पण तिथे १० दिलं की ते चिकटून राहतं, पुढचा प्रत्येक आयत गोल कोपऱ्याचा येतो नि माणूस अर्धा तास डोकं खाजवत बसतो. कमांड दिल्यावर खालच्या लाइनीत करंट मोड लिहिलेला असतो तो वाचत जा, कोणी वाचत नाही.

मिनीड्राफ्टर
हेक्सबद्दल मी लिहितो, कारण हा प्रश्न मी ऑटोकॅड यायच्या आधीपासून ऐकत आलोय. ड्रॉइंग बोर्डवर पोरांना शिकवायचो तेव्हाही अर्ध्या वर्गाचा हाच घोळ असायचा.

बाळा, २४ चा हेक्स म्हणजे २४ चा पाना ज्याला लागतो तो. पाना कुठे बसतो? समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंवर. म्हणजे २४ हे सपाटी ते सपाटी अंतर, कोपरा ते कोपरा नव्हे. तू पॉलिगॉनला ६ दिले, सेंटर दिला, मग त्याने विचारलं असेल आय की सी, तू एंटर मारून पुढे गेलास. आय म्हणजे इनस्क्राइब्ड, षटकोन वर्तुळाच्या आत, कोपरे वर्तुळावर. म्हणजे रेडियस १२ दिल्यावर कोपरा ते कोपरा २४ झाला आणि सपाटी ते सपाटी राहिली २०.७८. नट काय जाईल त्यात! सी दे, सर्कमस्क्राइब्ड, मग वर्तुळ षटकोनाच्या आत येतं, बाजू त्याला टेकतात, रेडियस १२ दिली की सपाटी ते सपाटी बरोबर २४ आणि कोपरा ते कोपरा २७.७१.

हे डोळ्यासमोर यायला हवं असेल तर एकदा कागदावर कंपासने काढ, खरंच सांगतो. १२ च्या रेडियसचं वर्तुळ काढ नि कंपास तेवढाच ठेवून परिघावर सहा खुणा कर, खुणा जोडल्या की तुझा आय. आता त्याच वर्तुळाला साठ अंशाच्या सेटस्क्वेअरने बाहेरून सहा स्पर्शरेषा काढ, तो तुझा सी. दोन्ही एकाच वर्तुळावर आले की कमांड काय विचारतेय ते आयुष्यात परत पाठ करायला लागणार नाही. त्र्यंबक रोडच्या आयटीआयजवळच्या स्टेशनरीवाल्यांकडे सेटस्क्वेअर अजून मिळतो, नाहीतर घरी शाळेचा कंपासबॉक्स पडलेला असेलच.

अजून एक. रेडियस आकड्याने टाइप केलीस तर खालची बाजू आडवी येते. तुला कोपरा वर-खाली हवा असेल तर सी मध्ये @१२<० दे, म्हणजे उजव्या हाताला सपाट बाजूचा मध्य येतो नि कोपरे आपोआप वर-खाली जातात. फक्त बाजूची लांबी माहीत असेल तर सेंटर विचारतो तेव्हा ई टाकून एज ऑप्शन घे, तुझ्या २४ च्या हेक्सची एक बाजू १३.८६ येते.

आणि नट कुठला ते एकदा विचारून घे. २४ म्हणजे एम१६ असावा, तिथे भानगड नाही. पण एम१० ला जुन्या डिन (जर्मन स्टँडर्ड) प्रमाणे १७ चा पाना लागतो आणि आयएसओ प्रमाणे १६, एम१२ ला १९ आणि १८. बाजारात दोन्ही सापडतात. म्हणून स्केचवर "एम१० चा नट" एवढंच लिहिलेलं असेल तर वर्नियर लावल्याशिवाय पीसीला हात लावायचा नाही. बरोब्बर २४ चं भोक कापूनही नट घट्टच जाईल, थोडा क्लिअरन्स ठेवावा लागेल, किती ते शेठना विचार, ठोकून बसवायचाय की हाताने पडायला पाहिजे ते त्यांनाच माहीत.

रेघोटी
मिनीड्राफ्टर काका, तुमचं सेटस्क्वेअरचं वाचून कॉलेजचे दिवस आठवले, ए१ ची शीट गुंडाळून सिटी बसने यायचो आम्ही, सीबीएस स्टँडला उतरेपर्यंत तिचा चुरा व्हायचा.

ट्रेनी दादा, लिंकबद्दल सांगते. तू रेष जोडलीस ती वर्तुळाच्या वरच्या टोकाला, म्हणजे क्वाड्रंटला. आर २० चं वरचं टोक नि आर १२ चं वरचं टोक. दिसायला छान दिसतं, पण दोन वर्तुळं लहान-मोठी असली की स्पर्शरेषा क्वाड्रंटला टेकतच नाही, ती थोडी तिरकी होऊन पुढे टेकते. तुझी रेष मोठ्या वर्तुळाला ०.१७५ मिमी आतून कापून जातेय, आणि छोट्याला मिळते तिथे स्पर्श न होता बारीक कोन पडतोय. स्क्रीनवर हे दिसणार नाही, पूर्ण झूम केल्याशिवाय नाहीच, पण व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) घेतलं की तिथे बोट फिरवल्यावर धार लागते आणि क्वालिटीवाला बरोबर तिथेच बोट फिरवतो!

करायचं असं, एल एंटर, मग टीएएन (टँजंट, म्हणजे स्पर्शरेषा) टाइप करून एंटर, मोठ्या वर्तुळावर वरच्या अंगाला क्लिक, परत टीएएन एंटर, छोट्या वर्तुळावर पण वरच्याच अंगाला क्लिक. झालं. बरोबर कुठे टेकतं ते तोच शोधतो, पहिल्या क्लिकला रेष हलताना दिसत नाही म्हणून घाबरू नको. एकावर वरून नि दुसऱ्यावर खालून क्लिक केलंस तर पिठाच्या गिरणीच्या क्रॉस पट्ट्यासारखी आडवी जाईल, तसं झालं तर अनडू कर. बरोबर आलीय का ते बघायला रेषेची लांबी बघ, ५९.४६ यायला पाहिजे, ६० चा वर्ग वजा ८ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ. ८ कुठून आले तर २० वजा १२.

खालची रेष परत काढू नको, मिरर कर, दोन सेंटर पकडून. मग ट्रिम. जुनं व्हर्जन म्हणतोयस, २०२१ च्या आधीचं असेल तर टीआर एंटर एंटर असं दोनदा मारायचं म्हणजे सगळ्याच लाइनी कटिंग एज होतात, मग आतली अर्धी अर्धी वर्तुळं क्लिक करून उडव.

आणि ओस्नॅपच्या (कर्सर कुठले पॉइंट आपोआप पकडणार त्या) यादीत सगळंच टिक करून ठेवू नका रे कोणी. एंडपॉइंट, सेंटर, इंटरसेक्शन, मिडपॉइंट बास. टँजंट नि निअरेस्ट लागेल तेव्हा टाइप करायचं. सगळं टिक असलं की क्वाड्रंट नि निअरेस्टच आधी पकडला जातो, तुझं तेच झालंय बहुतेक.

लेझर_सातपूर
मी दुसऱ्या बाजूचा माणूस, फाइल परत पाठवणारा :) तुझी फाइल माझ्याकडे आलेली नाही पण रोज अशा चार येतात.

कंटूर ओपन म्हणजे काय तर तुझी रेष संपते नि पुढची आर्क सुरू होते त्या मध्ये गॅप आहे, ०.०१ चा असला तरी गॅपच. आमचं सॉफ्टवेअर बाहेर कुठलं, आत कुठलं नि कापायचं कुठून ते बंद आकारावरूनच ठरवतं, उघडा असला की त्याला आत-बाहेर कळतच नाही. लाइनीवर लाइन म्हणजे एकाच जागी दोन लाइनी, मशीन बिचारं दोनदा कापतं, कड जळते.

पाठवायच्या आधी ओव्हरकिल मार, सगळं सिलेक्ट कर, डबल लाइनी जातात. मग पीई एंटर, एम, सगळं सिलेक्ट, पॉलिलाइन करू का विचारलं तर वाय, मग जे, फझ डिस्टन्स (केवढा गॅप जोडून घ्यायचा तो) ०.०१. नंतर आकारावर क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये क्लोज्ड समोर येस आहे का बघ. एरिया कमांडने तपासू नको, ती उघड्या पॉलिलाइनचाही एरिया देते, शेवटची बाजू मनाने जोडून. काही पोरं बाउंड्री कमांड वापरतात, आत क्लिक केलं की बंद पॉलिलाइन तयार, पण खालच्या मूळ लाइनी तशाच राहतात नि परत डबल. त्या उडवायच्या.

सेंटर लाइन, पीसीडीचं वर्तुळ (होलांचे सेंटर ज्यावर येतात ते), डायमेन्शन हे सगळं वेगळ्या लेयरवर ठेवा किंवा काढूनच टाका. सहा होलचा फ्लँज आला होता एकदा, पीसीडीचं वर्तुळ कटिंगच्याच लेयरवर, ऑपरेटर नवीन. सहा होलांच्या अर्ध्या अर्ध्या भागासकट मधला गोल तुकडा वेगळा पडला खाली.

आणि किती कापलं जातं म्हणून ड्रॉइंगमध्ये ऑफसेट देऊ नका, केर्फ आम्ही मशीनवर देतो. तुम्ही पण दिला नि आम्ही पण दिला की मग नटाचं काय होतं ते सांगायला नको.

खुलं_पुस्तक
मुळात २०-२५ वर्षांपूर्वीच्या पद्धतीने का शिकताय हे मला कळत नाही. फ्रीकॅड घ्या, फुकट आहे, १.० पण आलंय २०२४ ला. स्केचरमध्ये वेडंवाकडं काढा, मग सांगा ही रेष या वर्तुळाला टँजंट, हे अंतर ६०, ही रेडियस २०. सगळं बांधलं गेलं की स्केच हिरवं होतं. टँजंट विसरलात तर हिरवं होणारच नाही, म्हणजे रेघोटी ताई म्हणतात ती ०.१७५ ची भानगड राहतच नाही. उद्या शेठ म्हणाले ६० चं ६५ करा, एक आकडा बदला, झालं. ऑटोकॅडमध्ये परत ट्रिम नि परत मिरर. आणि ही काही नवीन फॅशन नाही, आयव्हन सदरलंड यांनी १९६३ ला एमआयटीत स्केचपॅड केलं, लाइट पेनने स्क्रीनवर रेघ काढायची, त्यातही ह्या रेषा समांतर, ह्या सारख्या लांबीच्या अशी बंधनं होती. ऑटोकॅड त्यानंतर १९ वर्षांनी, १९८२ ला आलं.

व्हीएमसीवाला
सर, सगळं मान्य, पण पोरगं ट्रेनी आहे, पीसीवर काय टाकायचं ते शेठ ठरवणार. शेठला डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची फाइल) लागते, गिऱ्हाईक डीडब्ल्यूजी पाठवतं. आणि बंधनं ऑटोकॅडमध्ये पण आहेत की, २०१० पासून पॅरामेट्रिक टॅब आहे, टँजंट, समांतर, समान सगळं. फक्त एलटीमध्ये (ऑटोकॅडची कमी सोयींची स्वस्त आवृत्ती) नवीन लावता येत नाहीत, आणि छोट्या कंपन्यांत बऱ्याच वेळा एलटीच असतं. शिवाय हिरवं झालं म्हणजे बरोबर झालं असं थोडंच, सी च्या जागी आय ची चूक हिरव्या स्केचमध्येही होते, २४ कशापासून मोजायचे ते तुम्हीच सांगणार ना त्याला.

खुलं_पुस्तक
तो मुद्दा आहे खरा. पण घरी सराव करायला तरी फ्रीकॅड टाकून बघ ट्रेनी, पायरेटेड कॉपी टाकून लॅपटॉपचं वाटोळं करण्यापेक्षा बरं. फक्त टूडी हवं असेल तर लिब्रेकॅड, डीएक्सएफ (ड्रॉइंगची देवाणघेवाण करायची फाइल) उघडतं, साध्या लॅपटॉपवरही चालतं.

ट्रेनी_अंबड
सगळ्यांना मनापासून थँक्यू. एफ१२ च होतं, चालू केल्यावर बरोबर आलं पण आता @ च लावतोय. हेक्स सी ने काढला, शेठनी २४.३ करायला सांगितलं म्हणून रेडियस १२.१५ दिली, नट आपोआप पडतो आत. लिंकची रेष ५९.४६ आली तेव्हा जाम भारी वाटलं राव. व्हर्जन २०१६ एलटी आहे, व्हीएमसीवाला दादा बरोबर बोलले. लेझरवाल्याने फाइल घेतली.

आता शेठनी लगेच दुसरी लिंक दिली, सगळं सेम पण बाजूच्या रेषा सरळ नाहीत, आर ८० च्या आर्क आहेत. आर्क कमांडने तीन पॉइंट देऊन करतोय पण मधला पॉइंट कुठे द्यायचा ते स्केचवर नाहीच. आणि कधी कधी आर्क उलट्या बाजूला वळते.

रेघोटी
आर्क कमांड सोड, वर्तुळ काढून ट्रिम कर. सी एंटर, टी एंटर म्हणजे टँजंट टँजंट रेडियस, दोन्ही वर्तुळांवर क्लिक, ८०. तीन पॉइंटची आर्क मधला पॉइंट ज्या बाजूला पडेल तिकडे वळते, आणि स्टार्ट-एंड-रेडियससारख्या पद्धतीत ती घड्याळाच्या उलट दिशेने जाते, तिथे स्टार्ट-एंडचा क्रम बदलला की वळते, किंवा कंट्रोल दाबून धरायचं. पण वर्तुळाने केलंस तर तो प्रश्नच येत नाही.

मिनीड्राफ्टर
थांब, आधी शेठना विचार की आर ८० बाहेर फुगलेला की आत दबलेला. टँजंट टँजंट रेडियसला दोन्ही उत्तरं येतात, तू कुठे क्लिक करतोस त्याच्या जवळचं तो देतो, म्हणून कधी हे कधी ते येईल नि तुला वाटेल सॉफ्टवेअर वेडं आहे.

बाहेर फुगलेला असेल तर आर ८० दोन्ही वर्तुळांना पोटात घेतो, मग त्याचा सेंटर मोठ्या वर्तुळाच्या सेंटरपासून ८० वजा २० म्हणजे ६० वर आणि छोट्यापासून ८० वजा १२ म्हणजे ६८ वर. आत दबलेला असेल तर बाहेरून टेकतो, मग बेरीज, १०० आणि ९२. दोन सेंटरवरून ही दोन वर्तुळं काढ, छेदतात तिथे आर्कचा सेंटर. बोर्डवर असंच काढायचो आणि एलटीमध्येही असंच निघतं, क्लिक कुठे करायचा याचा विचारच करायला लागत नाही. फुगीर लिंक सगळ्यात रुंद जागी ४७.९४ येईल, दबलेली सगळ्यात बारीक जागी २०.७६. दोन्हींत एवढा फरक आहे म्हणून आधी विचार म्हणतोय.

उद्या ह्याच लिंकला शेठनी आर ४० फुगीर सांगितला तर तो निघणारच नाही, कारण दोन्ही वर्तुळं पोटात घ्यायला कमीत कमी ६० अधिक २० अधिक १२ भागिले २, म्हणजे ४६ चा तरी आर लागतो. तेव्हा ऑटोकॅड म्हणेल असं वर्तुळ अस्तित्वात नाही, ते खरं सांगत असतं. बेरीज-वजाबाकी कागदावर करून शेठना दाखवायची.

ट्रेनी_अंबड
विचारलं काका, दबलेला आहे. १०० नि ९२ ची वर्तुळं काढली, छेदतात तिथून ८० मारला, मोजलं तर २०.७६ च. मिरर केलं. १०० नि ९२ वाली वर्तुळं डिलीट करायची राहिली होती, पाठवायच्या आधी ओव्हरकिल मारताना दिसली.

लेझर_सातपूर
ओव्हरकिल ती काढत नाही बरं का, ती डबल नाहीयेत. तुला दिसली म्हणून वाचलं. कन्स्ट्रक्शनचा वेगळा लेयर कर आणि पाठवताना तो सोडून बाकीचंच सेव्ह कर. आणि डीएक्सएफ देताना २००० किंवा २००४ च्या फॉरमॅटमध्ये दे, जुन्या मशीनच्या सॉफ्टवेअरला नवीन फाइल उघडत नाही. युनिट मिमीच आहे ना ते बघ, नवीन फाइल अकॅडआयएसओच्या टेम्प्लेटवर घ्यायची, नुसत्या अकॅडवर घेतली की ती इंचाची असते नि मग ६० ची लिंक माझ्या स्क्रीनवर दीड मीटरची येते.